मेडनहेडची काउगर्ल आणि मलिद्याचं ताट

लंडनजवळच्या मेडनहेडला मी फिरायला नव्हतेच गेले, संशय घेऊन गेले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लंडनच्या ईलिंगमधली माझी मैत्रीण रिबेका, मूळची मुंबईची बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, ह्यांना म्हणजे माझ्या डॉक्टर नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, माझ्या मावशीला एकदा बघा. भ्रम झालाय तिला. दिसेल त्याला सांगते, मी रोडिओतली, घोड्यांच्या खेळातली, काउगर्ल होते! तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवावं म्हणते. तुम्ही सांगितलंत तर तिचा जीपी, नेहमीचा डॉक्टर, ऐकेल."

मावशी मूळची अलिबागची. अलिबागची पोरगी आणि काउगर्ल! मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

ईलिंग ब्रॉडवेहून थेट ट्रेन आहे. जाणार असाल तर डे रिटर्न काढा, स्वस्त पडतं. स्टेशनवरचा चहा मात्र टाळा. आम्ही पोळी-भाजी बांधून नेली होती, म्हणून वाचलो. पुढे नदीकडे, मावशीच्या घरी चालत गेलो. रिबेका आधीच पोचली होती.

मावशी, साराबाई, लंगडत दारात आल्या. सर्कशीबरोबर विलायतेत आले, म्हणाल्या, सर्कस बुडाली, मग वाइल्ड वेस्ट शोमध्ये, काउबॉयांच्या खेळात शिरले. "मला मेक्सिकोची म्हणून उभी करायचे. तोंड उघडायचं नाही, एवढीच अट! धावत्या घोड्याच्या पोटाखालून पलीकडे निघायचे मी."

"फोटो असतील ना?" मी विचारलं.

"जाळले."

"कोणी?"

त्या नुसत्या किचनकडे बघत राहिल्या. आतून रिबेका ओरडली, "अगं, रचते सगळं! पाय बसखाली आला होता तिचा."

ह्यांनी वार, महिना, पंतप्रधान, सगळं विचारलं. उत्तरं चोख. "पण हे घोड्यांचं काय?" हे माझ्या कानात पुटपुटले. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि मला वाटलं ते साराबाईंकडेच.

तेवढ्यात रिबेकानं मलिद्याचं ताट आणलं. गोड पोहे, खोबरं, फळं, वर गुलाबाचं फूल. एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावानं बेने इस्रायली करतात.

"नवसाचा का गं?"

"हो, मावशीचा. एक वर्ष चुकवलं नाही मी."

"कशाचा नवस?" आमच्याकडे नवस फेडताना कारण बोलून दाखवतात, म्हणून सवयीनं विचारलं.

रिबेका ताटावरचं फूल सारखं करू लागली. साराबाई शांतपणे म्हणाल्या, "सांग ना. ताटासमोर खोटं बोलशील?"

रिबेकानं मान फिरवली. "घोडा अंगावर पडला होता. त्यातून वाचली म्हणून."

अगं बाई!

"माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत," रिबेका रडायलाच लागली. "तंग विजारीत नाचणारी मावशी कुणाला सांगू मी?"

"नाचणारी नाही. घोडेवाली," साराबाई म्हणाल्या.

हे उठले. "ह्यांना काहीही झालेलं नाही. जीपींना मी तेच सांगणार."

निघताना साराबाईंनी माझा हात धरला. "पटलं?"

"घोडा पटला. पोटाखालून जाणं अजून नाही."

"अर्धं पुरे," त्या खळखळून हसल्या. "तंबूतले लोक तिकीट काढूनसुद्धा एवढं मानायचे नाहीत."

त्यानंतर रिबेकानं माझ्याशी बोलणं टाकलं, त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पुढच्या वर्षी मलिद्याचं बोलावणं मात्र आलं. साराबाईंनी स्वतः फोन केला होता, त्यांच्याच घरून.