कालवा, कठडा आणि अडखळणारं इंजिन

दिवाळीच्या सुट्ट्या संपून उद्या शाळा भरणार होती आणि आज चार वाजता कालव्याला पाणी सुटणार होतं. त्याआधी हिंगणीकडच्या त्या लहान पुलाला कठडा लावायचाच होता. पूल म्हणजे नुसता स्लॅब. सुट्टीआधी दुसरीतली एक मुलगी त्यावरून दप्तरासकट पाण्यात पडली. लोकांनी ओढून काढली म्हणून वाचली. तिची आई भाजी पिकवते आणि स्वतः बाजारात बसून विकते. तिनं मला तोंडावर सांगितलं होतं, "कठडा लागला त माही पोरगी शाळेत, नाई त घरी. तुह्या पत्रकाले धरून थे चालन का?"

कठड्याच्या मागणीची पत्रकं मी तीन काढली होती. पाटबंधारे खात्याचं उत्तर नाही. उत्तर द्यायला आधी वाचावं लागतं! शेवटी गावानंच पाइप जमवले. जवळपास वीज नाही म्हणून जाम गावाहून डिझेलवर चालणारी वेल्डिंग मशीन आणली. खांब आठ, वर आडवा पाइप. खांबांची बुडं स्लॅबच्या कडेला निघालेल्या सळ्यांना खालून जोडायची होती, म्हणजे कोरड्या कालव्यात उभं राहूनच.

अकरा वाजता मिस्त्रीनं इंजिन चालू केलं. दहा मिनिटं बरी गेली. मग आवाज फिरला. रेस आपोआप चढायची, इंजिन ओरडायचं, लगेच इतकी उतरायची की बंद पडतंय असं वाटायचं, आणि पुन्हा चढायची. मिस्त्रीनं रॉड टेकवला तर तो पाइपलाच चिकटला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दम लागला तिले," मिस्त्री म्हणाला. "अशा रेसवर टाका बसत नाई. बसला तरी उद्या निंगन."

मी तिथंच मशीनच्या मालकाला फोन लावला आणि आवाज चढवून झोडपलं. लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, असली खटारा मशीन देताना लाज कशी वाटली नाही, वगैरे. मला ही वाक्यं तयारच असतात. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कालपर्यंत बराबर चालली. डिझेल पाहून घ्या एकदा."

"डिझेल मी स्वतः पंपावरून आणलंय!" मी फोन ठेवला.

मिस्त्रीनं आधी रेस सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग आणि दांडी पाहिली. मोकळी होती. टाकीच्या झाकणाचं भोक तारेनं साफ केलं. फरक नाही. नळीचा बोल्ट सैल केला तर डिझेलबरोबर बुडबुडे आले. "एअर घेऊन राह्यली," म्हणत त्यानं हवा काढली, बोल्ट आवळला, पुन्हा चालू केलं. पाच मिनिटं सरळ. मग तेच. वर, खाली, वर, खाली. माझा श्वासही त्याच चालीनं चालला होता. एक वाजून गेला होता.

मी कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन करून विनवलं, तासभर उशिरा सोडा. तो म्हणाला, "खाली लोक गव्हासाठी खोळंबले हायत, बाई. माह्या हातात नाई."

तेवढ्यात मिस्त्रीनं फिल्टर उघडला. "ओ मॅडम, इकडं या. हे काय व्हय?"

त्याच्या तळहातावर पाण्याचे थेंब आणि लिबलिबीत गोळे होते. निळसर हिरवे. तो रंग मी ओळखला. पत्रकं चिकटवायची खळ आम्ही मैद्याची शिजवतो आणि उंदरांनी कागद खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकतो. खळीचा तोच कॅन मी सकाळी घाईनं विसळून, न वाळवता, पंपावर नेला होता.

"खळ आहे," मी म्हणाले. "माझ्या कॅनमधली."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "इंजिनालेही पत्रक चिकटवाचं होतं का?"

टाकी रिकामी केली, नळी फुंकली, फिल्टर धुतला, एका ट्रॅक्टरमधून डिझेल काढून आणलं. अडीच वाजता इंजिन एका सुरात चालू लागलं. मिस्त्री डोकं वर न काढता टाके मारत होता. मी पाइप धरून दर मिनिटाला कालव्याच्या वरच्या अंगाला बघत होते. सहा खांब झाले आणि वळणावरून कचरा पुढं ढकलत पाणी आलं. "दोनच राहिले," मी म्हणाले.

"पाण्यात उभं राहून वेल्डिंग? मले मराचं नाई," म्हणत तो वर चढला. उरलेले दोन आम्ही तारेनं आवळले.

संध्याकाळी ती आई आली. एकेक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. सातवा हलला.

"हा काऊन असा?"

खात्याचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. "मी घाणेरड्या कॅनमधून डिझेल आणलं. इंजिन बिघडलं, वेळ गेला."

तिनं आठवाही हलवून पाहिला. मग म्हणाली, "पाठवतो. पण हे दोन पक्के होईस्तोर तू इथं उभी राहजो. रोज."

मशीनच्या मालकालाही फोन करून माफी मागितली. तो हसला, ते जास्त लागलं.

कालव्याच्या पाण्याची पाळी संपून ते दोन खांब पक्के होईपर्यंत मी रोज सकाळी आणि शाळा सुटताना त्या टोकाला उभी होते. मुलगी सहा खांबांपर्यंत पाइपवर हात घासत यायची. सातव्यापाशी हात काढून घ्यायची, माझ्याकडे न बघता खाली पाण्याकडे बघायची आणि पळत सुटायची. पळू नको, असं तिला ओरडून सांगायची माझी हिंमत एकदाही झाली नाही. दचकून पडली असती तर?