एकवीरेच्या तसबिरीचे दोन रिव्हेट

बाळकुमला सहदेव भोईरच्या वडिलांची भातशेती होती, तिथे आता बत्तीस मजल्यांचे चार टॉवर आहेत. दुपारी दोननंतर भोईरांच्या अंगणात ऊन म्हणून येत नाही. त्याच अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली, सहदेव तीन वर्षं घरच्या जुन्या पांढऱ्या झेनची शर्यतीची गाडी करत होता.

वय त्रेपन्न. तीस वर्षं एका केमिकल कंपनीत पाइप फिटर. कंपनी बंद पडली तसा घरी बसला. घरी बसला म्हणजे काय, गाडीखाली झोपला. पोरवयापासून एकच वेड, एकदा तरी शर्यतीत गाडी पळवायची. नोकरी, बहिणींची लग्नं, वडिलांचं अंथरूण, यात ते राहूनच गेलं होतं. आता त्याने गाडी सोलायला घेतली. मागची सीट निघाली, गालिचा निघाला, एसी निघाला. तळाला चिकटवलेला डांबरी थर तो छिन्नीने नखाएवढा नखाएवढा खरवडत बसायचा.

"माझी एक कढई कधी एवढी घासली नाहीत," बायको निशा चहा ठेवताना म्हणायची.

"कढई पळते काय गं? हिचं वजन उतरलं पाहिजे."

"तुमचं उतरवा आधी."

पण खरा जीव त्याने ओतला तो केजमध्ये. गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात, तो केज. प्रत्येक पाइप त्याने स्वतः वाकवला, प्रत्येक जोड स्वतः वेल्ड केला. असं काम कंपनीत साहेबांनी हात फिरवून बघितलं असतं. इथे हात फिरवायला तो एकटाच.

घाई होती ती डोळ्यांची. साखरेने डावा डोळा अधू होत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळेला सर्टिफिकेट देतोय. पुढच्या वर्षी मागायला येऊ नका." म्हणजे मुरबाडच्या पलीकडे माळावर माघात होणारी शर्यत हीच पहिली आणि हीच शेवटची.

शर्यतीला चार दिवस उरले तेव्हा त्याची आई, आवडाबाई, काठी टेकत मांडवात आली. गाडी घेतली त्या दिवसापासून डॅशबोर्डवर एकवीरेची पितळी तसबीर होती. डॅशबोर्ड निघाला तशी ती देव्हाऱ्यात गेली होती. म्हातारीने ती पदरात गुंडाळून आणली होती.

"ही कवा लावशील रं?"

"आये, शर्यतीच्या गाडीत सुटं काही चालत नाही."

"मंग सुटी नको ठेवू. घट बसव. एकवीरेबिगर आपली गारी कधी निंगली हाय काय?"

नव्हती निघाली. वडिलांना शेवटचं हॉस्पिटलात नेलं तेव्हासुद्धा देवी समोर होती. आणि सहदेवच्या मनातही तेच होतं, नाही असं नाही. त्याने नारळ फोडला, ड्रिल घेतलं, केजच्या वरच्या आडव्या पाइपला दोन भोकं पाडली आणि तसबीर दोन रिव्हेटने अशी बसवली की घणाने हलणार नाही. म्हातारीने कुंकू लावलं. निशाही बाहेर आली, तिघांनी हात जोडले.

गाडी आता रस्त्यावर चालवता येत नव्हती, म्हणून टेम्पोवर चढवून नेली. निशा पुढे डबा मांडीवर घेऊन बसली होती. शहाडच्या पुलावर ती म्हणाली, "बारावीच्या परीक्षेला निघाल्यासारखा चेहरा करू नका." तो हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

तपासणीला एक तरुण मुलगा होता, बोलायला फार नम्र. बेल्ट बघितला, आग विझवायचं नळकांडं बघितलं. केजवरून हात फिरवून म्हणाला, "काका, वेल्डिंग मस्त आहे. कोणी केलं?"

"मीच."

मग त्याचा हात तसबिरीपाशी थांबला. त्याने आधी नमस्कार केला, मग रिव्हेट चाचपले. "हे पाइपमध्ये ड्रिल केलंय?"

सहदेवला त्या क्षणी कळलं. भोक पडलेला पाइप मार बसला की तिथूनच दुमडतो. तीस वर्षं परवानगीच्या कागदाशिवाय त्याने कुठल्या पाइपला टोचा मारला नव्हता. पण ड्रिल धरताना त्याच्या समोर पाइप नव्हताच, देवी होती.

"वेल्डने भरून देतो," तो म्हणाला.

"नाही चालत काका. पाइपच बदलावा लागेल. पुढच्या वर्षी या ना."

सहदेवने मान हलवली. माळावर पहिली गाडी सुटली, धूळ उठली. त्याने टेम्पोवाल्याला हाक मारली.

घरी म्हातारी फाटकाशी ताट घेऊन उभी होती. "पलवलीस?"

निशाने नवऱ्याकडे बघितलं.

"इंजिन तापलं, आये. सोडलं नाही त्यांनी."

"जाव दे. देवीनं धड आनला, भरून पावलो." तिने गाडीला ओवाळलं.

आत गेल्यावर निशा हळूच म्हणाली, "आईंना खरं सांगाल कधीतरी?"

"काय सांगू? भोकं मी पाडली."

गाडी अजून मांडवात आहे. आवडाबाई रोज सकाळी पाइपांमधून वाकून, धापा टाकत तसबिरीला झेंडूचं फूल वाहते. परवा तिने विचारलं, "चैतात कार्ल्याला देवीच्या जत्रेला हिच्यातनंच नेशील ना रं?"

मागे सीट नाही, गाडी रस्त्यावर काढता येत नाही, डाव्या डोळ्याला फाटकही धूसर दिसतं.

"नेईन," सहदेव म्हणाला.