गिअरचं तेल आणि तात्या

गाडी लावून झाल्यावर तात्या इंजिन बंद करत नसत. माझ्या खिडकीखाली त्यांचा भलाथोरला पिकअप येऊन थांबे, दिवे विझत आणि इंजिन मात्र घरघरत राही. हिंजवडीत त्यांच्याच इमारतीत मी भाड्याने राहायला आले होते. मी कसबा पेठेत वाढलेली. आमच्याकडे तक्रार करायची तर ती आदराने करतात, पण समोरच्याला रात्रभर झोप लागू नये अशा बेताने करतात. चार दिवस सहन करून मी खाली उतरले आणि विचारलं, "अहो, आपल्याला डिझेल फुकट मिळतं का? नाही, मिळत असेल तर आम्हालाही पत्ता द्या."

काच खाली आली. आत सत्तरीचे गृहस्थ, पांढरी टोपी, ओठ झाकणाऱ्या मिशा. माझा टोमणा त्यांना लागला की नाही कोण जाणे. शांतपणे म्हणाले, "बसा ताई. तेल निवतंय."

"कसलं तेल?"

"गिअरचं. बैल पळवून आणला की लगीच दाव्याला बांधत न्हाईत, जरा हिंडवत्यात. हिचंबी तसंच हाय. बंद केली की तापलेलं तेल जागच्या जागी ऱ्हातं. चालू ठिवली की फिरतं, म्होरच्या जाळीतनं निवून येतं."

भांडायला गेलेली मी गाडीत बसले आणि बरंच काही विचारून अर्ध्या तासाने वर आले. माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. कुठली गोष्ट कुठे मोडेल हे शोधायचे मला पैसे मिळतात. हाच नाद कसलाही पगार न घेता करणारा माणूस मला प्रथमच भेटला होता.

तात्यांची जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेली. त्या बदल्यात इमारत आली, भाडेकरू आले, मुलगा सचिन बांधकामाच्या व्यवसायात स्थिरावला. तात्यांनी स्वतःसाठी मागे ठेवला तो एक गोठा आणि शर्यतीचा बैल, हरण्या. मधेच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बाकीचं शरीर सावरलं, पण डावा पाय ओढत चालावं लागे आणि क्लच काही दाबता येईना. म्हणून हा आपोआप गिअर बदलणारा पिकअप घेतला. मागे ट्रॉली जोडायची, ट्रॉलीत हरण्या आणि तात्या निघाले शर्यतीला. पहिल्याच वर्षी एका चढावर गिअरबॉक्स जळला. सचिनने तो दुरुस्त करून दिला, पण अट घातली, "तात्या, परत गिअरबॉक्स गेला तर गाडी विकायची. मी ड्रायव्हर देतो, तुम्ही आरामात मागे बसा."

"आरामात तर म्हातारी माणसं मरत्यात," असं तात्या मला म्हणाले. मुलाला ते काही बोलले नव्हते. अट मात्र मान्य केली होती, आणि ते दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते.

त्यांना चीड होती ती गाडीतल्या लाल दिव्याची. तेल हाताबाहेर तापलं की तो लागायचा, त्याआधी काहीच कळायचं नाही. "घर जळाल्यावर बोंब मारणारा राखणदार काय कामाचा?" ते म्हणत. मी एक काडेपेटीएवढं यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचलं की गिअरच्या तेलाचं तापमान फोनवर दिसायचं. पहिला आकडा उमटला तेव्हा तात्यांनी चष्मा पुसला, आकडा वाचला, परत चष्मा पुसला. मग तो आकडा हलतो कसा ते पाहायला इमारतीभोवती गाडी फिरवत राहिले. वॉचमन आम्हाला काय समजला असेल देव जाणे.

त्यानंतर आमच्या रविवारांना उद्योग मिळाला. ट्रॉली जोडून, ट्रॉली सोडून, सकाळी, भर उन्हात, मुळशीच्या बाजूला चढावर. आमचा दोघांचाही अंदाज होता की घाटात तेल सगळ्यात जास्त तापेल. तसं झालं नाही. घाटात आकडा नव्वदीच्या आसपास घुटमळला. तो खरा चढला एका संध्याकाळी, आमच्याच गावच्या लहानशा चढावर, कंपन्यांच्या बसगाड्यांमागे ट्रॉली घेऊन मुंगीच्या चालीने सरकताना. मी शोधून वाचलं. अशा गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये हातमिळवणी तेलाचीच असते. वेग आला की पकड पक्की बसते, हळू सरकताना मात्र तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. हे मी तात्यांना समजावलं.

"म्हंजे पळून न्हाई तापत," ते म्हणाले. "रखडून तापतंय."

हा शोध त्यांना इतका आवडला की त्यांनी तो माणसांनाही लावला. मी मीटिंगांनी पिचून घरी आले की गोठ्याकडून हाक यायची, "काय ताई, आज रखडला जनू?" सुनेची आणि सचिनची कुरबुर झाली तरी यांचं निदान तेच. एकशेदहा ही त्यांनी ठरवलेली हद्द. आकडा तिथे पोहोचला की रस्ता कुठलाही असो, गाडी कडेला. मागून हॉर्न वाजले की खिडकीतून डोकं काढून सांगत, "तेल निवतंय. तुमचंबी निवू द्या." एकदा याच पायी शर्यतीतली हरण्याची बारी हुकली. गोठ्यावरचे गडी चिडले, चार दिवस कुणी त्यांच्याशी बोलेना. तात्या आपल्या हद्दीवरून हलले नाहीत. मला तर त्यांचा तेव्हा जरा रागच आला. आकड्याच्या नादी लागून माणूस बैल विसरला, असं वाटलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शुक्रवारी सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर सरावाला गेले होते. हरण्याने तिथे कुणाच्या तरी ओल्या लसूणघासाच्या भाऱ्यात तोंड घातलं. परतीच्या वाटेवर तो ट्रॉलीत पाय आपटू लागला. उतरून पाहिलं तर पोटात वारा धरून डावी कूस ढोलासारखी ताणलेली, जीभ बाहेर. तात्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर निघाले होते, पण आमच्या गावच्या त्या चढापलीकडच्या चौकात बसगाड्यांत अडकले होते. म्हणाले, जमेल तेवढं इकडे या, मीही पुढे येतो, उशीर करू नका.

चढाला लागलो तेव्हाच आकडा एकशेपाचवर होता. तात्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला.

"खिशात ठिवा."

"तात्या, एकशेपाच झालंय. पुढे सगळं जाम आहे."

"ठिवा म्हणलं न्हवं?"

इतक्या तुटकपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी फोन खिशात टाकला. गाडी हातभर सरकायची, थांबायची, परत सरकायची. मागून हरण्याचा श्वास ऐकू येत होता. खिशात फोन इशारा देऊ लागला, समोर लाल दिवा लागला, जळका वास आत शिरला. तात्यांची नजर पुढच्या बसवरून हलली नाही. माझीच हलली. मी हळूच खिशात डोकावले.

चौकाच्या अलीकडे डॉक्टर पिशवी घेऊन चालत येताना दिसले. त्यांनी ट्रॉलीतच कुशीत जाड सुई घातली. वारा सुटल्यासारखा आवाज आला आणि हरण्याची कूस हळूहळू खाली बसली. त्याने कान हलवले तेव्हा मला रडू आलं. थोड्या वेळाने तात्यांनी गाडी चालू केली. इंजिन गरजलं, चाकं जागची हलली नाहीत.

तात्या खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले. "ताई, किती झालं हुतं?"

"मी पाहिलं नाही."

"तुमी?" ते मिशीतून हसले.

"एकशे अडतीस."

"आन चालत हुती?"

"इथपर्यंत."

त्यांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. "मंग आपण उगंच एकशेदहाला भीत हुतो का?"

"नाही तात्या. बरोबरच भीत होतो. म्हणून तर आता हलत नाही."

हे त्यांना पटलं. इतकं नुकसान होऊनही उत्तर बरोबर मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात डॉक्टरांकडून कळल्यावर मोटारसायकलवरून गर्दीतून वाट काढत सचिन आला. त्याने गाडी पाहिली, बैल पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. "तात्या, गाडीचं आपण नंतर बघू ना. टेन्शन घेऊ नका."

"नंतर काय बघायचं? आपलं ठरलं हुतं," तात्या म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. सचिन काहीतरी बोलणार होता, पण ते थांबले नाहीत. हरण्याला थोडं चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तात्यांनी त्याला ट्रॉलीतून उतरवलं, दावं हातात घेतलं आणि डावा पाय ओढत घराच्या दिशेने निघाले. बसगाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. एकेका बसला मागे टाकत दोघं पुढे निघून गेले.