काचा घासणारे दोघे

आता दापोलीकडचे नझीरभाई बघा. आखातात, ईसा टाउनातल्या एका चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काचा घासतायत. मशीन आलं, पण तिरक्या नंबराची काच किती अंशांत बसवायची ती खूण अजून हातानंच करणार. आणि त्यांच्यापुढे कुणी स्पिनोझाचं नाव काढलं की घासणं थांबलंच म्हणून समजा!

हे वेड लावलं दत्तप्रसादनं. हा पुण्याचा इंजिनीअर. चष्मा तयार होईस्तोवर बसल्या बसल्या त्यानं सांगितलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात स्पिनोझा नावाचा तत्त्वज्ञ होता, काचा घासून पोट भरायचा. विचार पटले नाहीत म्हणून तेविसाव्या वर्षी समाजानं वाळीत टाकलं. पुढे विद्यापीठानं प्राध्यापकी देऊ केली, तर हा म्हणे, जपून बोलावं लागेल, त्यापेक्षा काचा बऱ्या. जगात काहीच उगाच घडत नाही, माणसावर चिडण्याआधी कारण समजून घ्या, असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे आमच्याच धंद्यातला की!" नझीरभाई हरखून गेले.

तर गेल्या महिन्यात दत्तप्रसाद तणतणत दुकानात आला. सोबत दहा वर्षांची लेक, सावनी.

"नवीन चष्मा केल्यापासून पुस्तक उघडलं की हिचं डोकं दुखतं. नुसती नाटकं!"

"साहेब, तुमचा स्पिनोझा काय सांगतो? आधी कारण शोधा. द्या तो चष्मा."

नझीरभाईंनी चष्मा तपासायच्या मशीनखाली धरला, पुसून पुन्हा धरला. डाव्या काचेचा कोन एकशेसाठ अंशांच्या जागी वीस! खूण करताना काच उलट्या अंगानं धरली गेली होती. खूण त्यांचीच.

मालक अर्शदशेठ कानाशी लागले. "फ्रेम वाकली होती म्हण, काच बदल, खलास. यांचं अख्खं ऑफिस आपलं गिऱ्हाईक आहे. आणि तुझा व्हिसा या महिन्यात संपतोय, नवा माझ्याच सहीनं मिळणार. साठी उलटल्येय तुझी, विसरू नको."

नझीरभाईंनी शेठकडे पाहिलं, मग पोरीकडे. ती खाल मानेनं उभी.

"साहेब, पोरीला बोलू नका. काचेवरची खूण मीच उलटी केली."

"आय टोल्ड यू, बाबा!" सावनी ओरडलीच.

दत्तप्रसादनं आधी लेकीची माफी मागितली आणि नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "हाही बघा, नझीरभाई. स्वतःची चूक सांगणारा कारागीर सोडून मी जाणार कुठे?"

शेठ खाकरले. "व्हिसाचे कागद उद्या आण. पण यापुढे काच दोनदा तपासायची."

"तीनदा तपासतो, शेठ," म्हणत नझीरभाई सावनीची नवी काच घासायला बसले.