पोईचं भांडं उघडं असताना

हाउनानीने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पळी फिरवली. मोलोकाई बेटावर आज पोट सुटलेला जो जो बाप्या दिसेल, तो तिच्या हातचं खाऊन वाढलाय, आणि हे ती त्याला चारचौघांत ऐकवते. पोर ताटात टाकून उठलं की ती त्याच्यामागे मैदानापर्यंत जायची. उपाशी पोर तिला बघवायचं नाही, मग ते कुणाचं का असेना.

आणि तिची सख्खी नात लिको सहा वर्षांची झाली, तरी आजीच्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला नव्हता.

मुलगा काविका नोकरीसाठी लास वेगासला गेला, तिकडेच ट्रेसीशी लग्न केलं, लिकोही तिकडेच झाली. यंदा तिघं पहिल्यांदाच आली, तीही काविकाच्या भाषेत 'सुट्टी घालवायला'. आपल्याच घरी कसली सुट्टी घालवतात, असं हाउनानी नवऱ्यापाशी कुरकुरली. मोके म्हणाला, "आलेत ना? मग गप बस."

ट्रेसीने एक अख्खी बॅग खाण्याच्या पाकिटांनी भरून आणली होती. लिकोला गहू चालत नाही, दूध चालत नाही. खाल्लं की पोट धरून लोळते. फोनवर हे कितीदा सांगून झालं होतं. तरी ती बॅग पाहून हाउनानीचं डोकं फिरलं.

"अगं, या घरात गहू येतोच कुठे? अळू, मासे, रताळी, नारळ. आणि गाय मी बघते ती शेजाऱ्याच्या कुंपणातून."

"आई, तुमच्यावर अविश्वास नाही," ट्रेसी म्हणाली, "पण मला विचारावंच लागतं."

"विचार की. जन्मभर विचार."

पहिला दिवस झकास गेला. अळूच्या पानांत बांधून वाफवलेलं डुकराचं मटण लिकोने बोटं चाटून खाल्लं. गोडाला नारळाच्या दुधाची वडी होती. 'दूध' म्हटल्याबरोबर पोरीने ताट सरकवलं. "नारळाला आचळ असतं का गं?" हाउनानीने विचारलं, तशी लिको खुदकन हसली आणि तीन वड्या फस्त केल्या. हाउनानी त्या दिवशी जमिनीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कच्च्या माशाच्या फोडी कालवल्या. ट्रेसीने विचारलं, तेव्हा हाउनानीने खरोखर आठवून सांगितलं : मासा, कांदा, समुद्रातलं शेवाळ, मीठ, तिळाचं तेल. शोयू तिने सांगितलाच नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आमच्याकडे तो काळा खारट रस कुणी पदार्थात धरतच नाही. तो माशावर पडतो, भातावर पडतो, आणि घातला हे घालणाऱ्यालाही कळत नाही.

दुपारी लिको पोट धरून रडायला लागली, उलट्या झाल्या. ट्रेसीने ओट्यावरची शोयूची बाटली उचलली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली सासूसमोर ठेवली. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी. लग्न होऊन आल्यापासून हाउनानीच्या ओट्यावर ही बाटली होती, आणि ती कधी कुणी वाचली नव्हती.

संध्याकाळी लिको उठून बसली, तेव्हा ट्रेसीने सांगितलं, "उद्या आम्ही हॉटेलात जातो. पलीकडच्या माऊई बेटावर एक आहे, तिथे अशांसाठी वेगळं स्वयंपाकघर असतं."

हाउनानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तसं झालं की तिची जीभ सुटते. "जा. खुशाल जा. वाढव तिला पाकिटांवर. मी काय, विष घालते."

"मी असं म्हटलं का?" ट्रेसीचाही आवाज चढला.

मोके आतून कुटलेल्या अळूच्या पोईचं लाकडी भांडं घेऊन आला, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावरचं झाकण काढलं.

हाउनानी बोलता बोलता थांबली आणि खुर्ची ओढून बसली. ट्रेसी बोलणार, तोच काविकाने तिच्या हातावर हात ठेवला. "आता नाही. भांडं उघडं आहे. आपल्याकडे अळू म्हणजे माणसाचा थोरला भाऊ. तो समोर असताना भांडायचं नाही."

"किती वेळ?"

"झाकण पडेपर्यंत," मोके म्हणाला. झाकण त्याने मांडीखाली घेतलं होतं.

लिकोने हुबेहूब आईच्या सुरात आजीला विचारलं, "टूटू, यात काय काय आहे?"

"अळूचे कांदे," हाउनानी म्हणाली. "वाफवून कुटलेले. आणि पाणी." मग तिचा चेहरा पडला. "पण माझं नको ऐकू, बाळा. आईला विचार."

स्वतःच्या स्वयंपाकघरात असं ती उभ्या जन्मात बोलली नव्हती. ट्रेसीने तिच्याकडे पाहिलं. पोरगी लोळत होती तेव्हा सासू न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून स्वतःचेच हात पुन्हा पुन्हा धूत होती, ते ट्रेसीने बघितलं होतं.

"हे टूटूलाच माहीत, लिको. तिनेच कुटलंय," ती म्हणाली. मग सासूला म्हणाली, "उद्या सगळ्या बाटल्या खाली काढू, आई. मी वाचते. टाकायचं काय ते तुम्ही ठरवा."

हाउनानीने दोन बोटं भांड्यात फिरवली. भरलेली बोटं तिने नातीच्या तोंडाशी नेली.

"आंबट आहे," लिको म्हणाली, आणि तिने पुन्हा तोंड उघडलं.