हात घालायचा नाही

गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, रोह्याच्या एका सभागृहात हेवीवेट गटाच्या अंतिम लढतीत एका बॉक्सरने आपल्या पडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला झेलले. झेलताना त्याचा उजवा हात त्या माणसाचे डोके आणि रिंगच्या चौथऱ्याची लोखंडी कड यांच्यामध्ये सापडला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने हातातल्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

हे प्रशिक्षक म्हणजे चाचा. त्यांना नावाने हाक मारताना मी कुणाला ऐकले नाही.

तुम्ही पेणच्या रामवाडीच्या थांब्यावर सकाळी कधी उभे राहिला असाल तर त्यांना पाहिले असेल. उंच, पाठीत किंचित वाकलेले, पांढरी दाढी नीट कापलेली, हातात कापडी पिशवी. रोह्याहून एसटीने येत, चहा घेत आणि रिक्षाने हमरापूरला जात. मी जवळच राहतो आणि वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या देतो, त्यामुळे चहाच्या टपरीवर आमची ओळख झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, “आज काय काय करणार?” मी म्हटले, बघू, काय होतंय ते. ते म्हणाले, “कागद नाय केला?”

कागद हा त्यांचा शब्द होता. वहीचे पान, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, काहीही चाले. निळ्या शाईने तीन चौकटी आखायच्या, एकेका फेरीला एक. चौकटीत काय करायचे ते लिहायचे आणि तळाशी, रेघेखाली, प्रत्येक वेळी तेच एक वाक्य: हात घालायचा नाही.

कागद फक्त बॉक्सिंगसाठी नसे. दावतीला जाताना तो असे, बाजाराला जाताना असे. एकदा एसटीत चढण्याचाही होता. थांब्याच्या खांबापासून दोन पावले डावीकडे उभे राहायचे, दार तिथेच येते. त्या दिवशी गाडी वीस पावले पुढे जाऊन थांबली. लोक धावले. चाचा खांबाजवळच उभे राहिले आणि गाडी गेली. मी त्यांच्याकडे पाहिले तर म्हणाले, “कागद बरोबर होता. ड्रायव्हर चुकला.”

ते रोह्यातल्या एका जुन्या घराण्यातले. तरुणपणी आखातात गेले आणि एका बंदरात बावीस वर्षे क्रेन चालवली. तिथल्या कामगारांच्या वस्तीत शुक्रवारी दुपारी बॉक्सिंग चाले, तिथे ते शिकले. वजनदार गटात लढले. आपण किती जिंकलो हे त्यांनी कधी सांगितले नाही. हरलेल्या लढती मात्र फेरीसकट सांगत, आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच निदान असे: “तिथं मी डोकं सोडलं आन् हात चालवला.”

नितेश त्यांना रामवाडीलाच सापडला. हमरापूरच्या एका कारखान्यातून आलेल्या गणपतीच्या मूर्ती थांब्यासमोर मोठ्या टेम्पोत चढत होत्या. बावीस-तेवीस वर्षांचा एक धिप्पाड मुलगा पाच फुटी मूर्ती एकटा छातीशी धरून चालत होता, आणि चालताना त्याचे डोके जरासुद्धा हलत नव्हते. चाचांनी चहा खाली ठेवला.

“तुझं वजन किती रे?”

“मूर्तीसकट का मूर्तीशिवाय?” नितेशने विचारले.

चाचा त्याच दिवशी त्याच्या आईला भेटायला हमरापूरला गेले. कारखाना तीच चालवत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट सांगितली. मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात आणि ते सगळ्यांत शेवटी होते. आखणी बिघडली तर बाकीची सगळी मेहनत फुकट. तिच्या कारखान्यात नवरा गेल्यापासून आखणी नितेशच करत होता. मोठ्या मूर्तींची गिऱ्हाइके त्याच्या आखणीसाठी येत.

“खेळू दे त्याला,” ती म्हणाली. “पन चाचा, उजव्या हाताला काय झालं नाय पायजे. तो हात माझा हाय.”

“ताई, कागदावर लिहून देतो,” चाचा म्हणाले, आणि खरेच लिहून दिले. ‘उजवा हात फक्त बचावाला. मारायचं डाव्याने.’ खाली सही. आईने तो कागद कारखान्याच्या भिंतीवर, रंगांच्या डब्यांवरती, खिळ्याला लावला.

हेवीवेट बॉक्सर आणि त्याने उजवा हात वापरायचा नाही, हे ऐकून जिल्ह्यातले इतर प्रशिक्षक हसले. मीही त्यावर चार ओळींची बातमी केली होती. चाचांनी ती वाचली आणि म्हणाले, “वजनदार गड्याला सगळ्यांत मोठा धोका स्वतःच्या ताकदीचा. एक ठोसा बसला की सगळं संपेल, असं त्याला वाटत राहतं. मग तो सोडतो कागद.”

गणपती विकले गेले की कारखान्याची शेड काही महिने निम्मी रिकामी असते. सराव तिथे चाले. मूर्तींच्या साच्यात वापरतात तो काथ्या गोणीत ठासून तुळईला टांगला होता. नितेशचा डावा हात दोन महिन्यांत तयार झाला. लांब, सरळ, कंटाळा येईल इतका एकसारखा. अडचण वेगळीच निघाली. ठोसा बसला की गोणी कलंडे, आणि ती कलंडली की नितेश पुढे होऊन दोन्ही हातांनी तिला धरी.

“मारतोस का झोपवतोस तिला?” चाचा विचारत.

“हात जातोच ओ चाचा. मूर्ती कलली की जातो तसा.”

लहानपणापासून शेडमध्ये वाढलेल्या कुणाचाही जातो. त्याची आई बोलता बोलता पाठीमागची फळी सावरते, हे मी पाहिले आहे. सरावाच्या लढतीतही तेच होई. समोरचा डगमगला की नितेशचे हात उघडत आणि तो त्याला सावरायला जाई. दोनदा पंचांनी पकडल्याबद्दल ताकीद दिली. चाचा वैतागत नसत. नवीन कागद काढत आणि तळाचे वाक्य दोनदा अधोरेखित करत.

मी एकदा त्यांना विचारले, हे वाक्य तर नितेशच्या आधीपासूनचे आहे, ते आले कुठून?

त्यांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला. “क्रेनला प्रत्येक मालाचा कागद असतो. किती वजन, कुठून धरायचं, कोण कुठं उभा राहणार. सही झाल्याशिवाय उचलायचं नाय. एकदा शुक्रवार होता, घाई होती. मी बिनकागदाचं उचललं. वर गेल्यावर माल कलला. खाली आमचा एक हेल्पर होता, त्याने हात लावला. चार टन. हातानं थांबणार होतं का ते?”

“वाचला हात?”

“नाय.”

त्यानंतर वर्षभरात ते रोह्याला परत आले.

जानेवारीतल्या त्या स्पर्धेत नितेश तीन लढती डाव्या हातावर जिंकला. अंतिम लढत एका कंपनीत सुरक्षारक्षक असलेल्या गड्याशी होती. तो नितेशहून थोडा बुटका, पण मानेने आणि खांद्यांनी जाड. कागद मी सकाळीच पाहिला होता. पहिली फेरी: लांबून डावा. दुसरी: तेच. तिसरी: मागे फिरत राहायचं, गुण सांभाळायचे. तळाचे वाक्य होतेच.

पहिल्या दोन फेऱ्या नितेशच्या बाजूने गेल्या. हे मी नंतर पंचांच्या गुणपत्रिकेवर पाहिले. तिसऱ्या फेरीत तो कागदाप्रमाणे मागे फिरत होता. रक्षक आडवातिडवा धावून आला, नितेशचा डावा त्याच्या कपाळावर बसला आणि तो उलट्या पावली दोरांवर गेला. त्या बाजूचे दोर ढिले होते. खालची गादी चौथऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचलेली नव्हती. तो पाठीवर, दोरांमधून बाहेर जाऊ लागला.

नितेश दोन ढांगांत तिथे पोहोचला. डाव्या हाताने त्याने रक्षकाला कमरेशी धरले आणि उजवा त्याच्या मानेमागे घातला. लोखंडावर आवाज आला तो डोक्याचा नव्हता, ग्लोव्हचा होता. मी दुसऱ्या रांगेत होतो.

पंचांनी दोघांना वेगळे केले. रक्षक पडलाच नव्हता, त्यामुळे आकडे मोजण्याचा प्रश्न आला नाही. उलट पकडल्याबद्दल नितेशला ताकीद मिळाली. चाळीस सेकंद उरले होते. नितेशने उजवा हात एकदा झटकला आणि तो हनुवटीपाशी परत आणला नाही. हात कमरेपाशी लोंबत राहिला. रक्षक पुन्हा चालून येताना तो हात वर उचलला जात होता, या वेळी मारण्यासाठी.

चाचांनी टॉवेल आत फेकला.

पंचांनी लढत थांबवली आणि रक्षकाला विजयी घोषित केले. नितेश कोपऱ्यात आला. “चाचा, जिंकत होतो ना आपन.”

“ग्लोव्ह काढ,” चाचा म्हणाले.

पट्ट्या सोडल्या तेव्हा तर्जनी आणि मधले बोट मुळापाशी फुगले होते. बोटे मिटत नव्हती.

रुग्णालयात जाताना रिक्षात आम्ही तिघे होतो. नितेशच्या मांडीवर बर्फाची पिशवी. चाचांनी खिशातला कागद काढून उलगडला होता. अर्धा रस्ता ते त्याच्याकडे पाहत होते.

“खाली काय लिहिलं होतं?”

“हात घालायचा नाही.”

“मग?”

“डोकं होतं ओ चाचा. मागं लोखंड होतं.”

कुंडलिका नदीचा पूल ओलांडल्यावर चाचांनी कागद पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाले, “व्हय. होतं.”

एक्स-रेला पाऊण तास लागला. चाचा बाकावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांना विचारले, टॉवेल कागदावर होता का? त्यांनी मान हलवली. “नाय. हात गेला.”

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. हाड शाबूत होते. मुका मार, दोन बोटे एकत्र बांधायची, तीन आठवडे विश्रांती. चाचांनी फिल्म स्वतःच्या हातात घेतली, पुन्हा दिव्यासमोर धरली आणि एकेक हाड बोटाने दाखवत डॉक्टरांना विचारले. हे? हे पण? डॉक्टरांनी प्रत्येकाला हो म्हटले. त्यानंतर चाचा बाकावर बसले आणि पाणी मागितले.

फोन त्यांनीच लावला. “ताई, मी बोलतो. हाड शाबूत हाय. डॉक्टरसमोर बघितलं.” मग आईने विचारले, “जेवला का तो?”

“नाय अजून.”

“मग तुमी पन नसाल जेवले. या दोघं घरी.”

आम्ही निघत असताना रक्षक आला. पदक त्याच्या हातात होते, गळ्यात नव्हते. मानेला हात लावून म्हणाला, “उद्या पहिली शिफ्ट हाय माझी. जाणार हाय.” नितेशने डावा हात पुढे केला. रक्षक म्हणाला, “याच हातानं मारलंस रे,” आणि मग दोघे हसले.

एप्रिलमध्ये चाचा मुलीकडे मस्कतला राहायला गेले. जाण्याच्या सकाळी रामवाडीला चहा घेताना त्यांनी त्या लढतीचा कागद मला दिला. तुम्ही लिहिता, ठेवा, म्हणाले. तो माझ्याकडे आहे. तिसऱ्या चौकटीपर्यंत काही बदल नाही. तळाच्या वाक्यापुढे वेगळ्या शाईत तीन शब्द वाढवलेले आहेत: ‘मालाला. माणसाला नाय.’ त्यातला ‘माणसाला’ हा शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिला आहे.

गणेशचतुर्थीच्या नऊ दिवस आधी मी हमरापूरला गेलो. शेडमधले पंखे बंद केले होते. आखणी चालू असताना ते बंद ठेवतात आणि कुणी बोलत नाही. नितेशच्या आईने रंगाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. पडद्यावर चाचा होते, तेही बोलत नव्हते. सहा फुटी मूर्तीची आखणी सव्वादहाला सुरू झाली आणि पावणेअकराला संपली. नितेशने ती उजव्या हाताने केली.