घोट्यावर आलेला पट्टा

घसरणाऱ्या, टोचणाऱ्या वस्तूलाही ‘छान आहे’ म्हणायला आपल्याला शिकवलं तरी कुणी?

शेजारच्या मालूकाकूंना एका कंपनीने गुडघ्याचा नवा पट्टा वापरून बघायला दिला होता. तो बाजारात आणण्याआधी काकूंचं मत विचारायला काल कंपनीची मुलगी आली, तेव्हा मी तिथेच बसले होते. काकू पोहे घेऊन बाहेर आल्या, तोवर पट्टा घसरून घोट्यावर पोचला होता. मुलीची मान टॅबमध्ये होती.

“कसा वाटतो, काकू?”

काकूंनी साडी खाली ओढून पट्टा झाकला. “छान आहे हो. अगदी मऊ.”

मुलगी खूश होऊन गेली. मी भडकले.

“अगं, एवढ्या उन्हातून आलेली पोर. तिच्या तोंडावर नावं ठेवू?”

“आता हाच पट्टा दुकानात येणार, काकू. जिना कसा उतरणार तुम्ही?”

“हळूहळू,” काकू म्हणाल्या.

बसची पायरी उंच असो की औषधाचं झाकण घट्ट, आपण दोष आपल्या हातापायांना देतो आणि वस्तूला पाहुण्यासारखं सांभाळून घेतो.

म्हणून विनंती आहे. असं कुणी तुमच्याकडे विचारायला आलं, तर तोंडाने काही सांगू नका. त्यांच्यासमोर उठून दारापर्यंत चालून दाखवा.